‘उठू नका, वाढून राहिलो’ पाहून लोक काय म्हणाले

१८ जानेवारी, शनिवार

ही रोजनिशी एक तारखेलाच सुरू करायची होती. एक तारखेला वही नव्हती. वही आणली तेव्हा पहिलं वाक्य कोणतं लिहावं ते ठरेना. मग संक्रांत आली, संक्रांतीत कोणी लिहीत नाही. मग वाटलं, सिनेमा सतराला रिलीज होऊन राहिला, तर त्याआधीच्या रिकाम्या दिवसांबद्दल कशाला पानं खराब करा. म्हणजे उशीर असा झालेला नाही. बरोबर वेळेवर सुरुवात आहे.

तर काल सिनेमा रिलीज झाला. ‘उठू नका, वाढून राहिलो’. डायरेक्टर कुलदीप, अकोल्याचा, माझा दोस्त. मागे कोणती कंपनी नाही, स्टार नाही. शेतात एका खानदानाचे रोडगे असतात, म्हणजे साऱ्या गोताला जेवण. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, सारे नातेवाईक. दिवसभर सगळे भांडतात, संध्याकाळी पंगतीला बसतात. एवढीच ष्टोरी. हसायचंही आहे, रडायचंही आहे. हीरो असा नाही. आठ मुख्य माणसं आहेत. त्यातला आठवा मी.

शूटिंग आमच्याच गावच्या शेतात झालं, भातकुलीच्या अलीकडे. त्यामुळे अर्धं गाव सिनेमात आहे आणि उरलेलं अर्धं नाराज आहे. काल अमरावतीला पहिल्या शोला दोन गाड्या भरून लोक नेले. पब्लिकची पहिली प्रतिक्रिया: एसी बंद करा. दुसरी: ‘ते पाह्य, पुंजारामचा बैल!’ ही दुसरी प्रतिक्रिया सिनेमा संपेपर्यंत चालली. बैलाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या मला पडल्या नाहीत हे खरं, पण माझ्या वेळी लोक पाणी प्यायला उठले होते.

माझा सीन पंगतीचा आहे. वरणाची बादली घेऊन मी वाढत येतो आणि म्हणतो, ‘उठू नका, वाढून राहिलो.’ सिनेमाचं नाव म्हणजे माझा डायलॉग आहे. डायलॉग एडिटिंगमध्ये उडाला. कुलदीप म्हणाला, ‘अबे, पोस्टरवर आला ना, आजून काय पाह्यजे?’ बरोबर आहे त्याचं.

संकल्प: जितके रिव्ह्यू येतील तितके जमा करायचे. त्यावर आपण स्वतः एक मोठा लेख लिहायचा. नटाच्या बाजूनं असं कोणी लिहिलेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार. दुपार

मुंबईच्या एका वेबसाइटचा रिव्ह्यू आला. साडेतीन स्टार. ‘सामूहिक अभिनयाचा दुर्मिळ नमुना.’ पुढे सात जणांची नावं आणि मग ‘व इतर’. दोनदा वाचलं. ‘इतर’ हा तसा मोठा शब्द आहे. सातांत मावला नसता असा माणूस त्यात येतो.

पुढे लिहिलंय, ‘उत्तरार्धातलं धाडसी मौन अंगावर येतं.’ कुलदीपला फोन करून अभिनंदन केलं. तो म्हणाला, ‘मौन कायचं? रेकॉर्डिस्टची बॅटरी गेलती.’ कोणाला सांगू नको म्हणाला. मी कशाला सांगू.

आणि हे: ‘फ्रेमच्या कडेला सतत काहीतरी हलत राहतं, जणू काळच.’

तो मी आहे. बादली घेऊन.

संध्याकाळी

सिनेमावर गंभीर चर्चा चालू असताना घरात वेगळाच तमाशा निघाला.

दोन फेब्रुवारीला आचलचं, माझ्या बहिणीचं, साक्षगंध आहे, म्हणजे साखरपुडा. त्याला पार्वताआत्याला बोलवायचं की नाही हा विषय. आत्या म्हणजे बाबांची सख्खी मोठी बहीण, अकोटला राहते. आजोबांच्या तेरवीला घरच्या जावयाला, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, पहिल्या पंगतीचं बोलावणं गेलं नाही. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांच्या दारात जात नाहीत. मी तेव्हा नीट चालतही नव्हतो.

शूटिंगला कुलदीपनं अकोटचं भजनी मंडळ बोलावलं होतं, बायांची गर्दी दाखवायला. त्यात आत्या निघाली. बाबा पंगतीत बसलेले. आता आधी उठणार कोण? कोणीच उठलं नाही. कुलदीपला यातलं काही माहीत नव्हतं, त्यानं रोडग्यांची टोपली आत्याच्याच हातात दिली. ती ओळीनं वाढत आली, बाबांच्या पत्रावळीतही वाढलं. बाबांनी खाल्लं. मग दोघं एक शब्द न बोलता आपापल्या घरी गेले. दोघांचं म्हणणं एकच, ते शूटिंग होतं.

आज शेजारची तानुबाई अंगणात येऊन बसली. बाबांना तोंडावरच म्हणाली, ‘खुशालराव, धाडा आता अक्षत बहिणीले. मिटलं ना तुमचं. साऱ्या थेटरनं पाह्यलं.’ आमच्याकडे एका पंगतीला बसून हातचं खाल्लं की भांडण मिटलं समजतात. बाबा म्हणाले, ‘तो सिनेमा होता, तानुबाई.’ ती म्हणाली, ‘रोडगा तं खरा होता.’

बाबा म्हणाले, खोटं असते सारं त्यात. ती म्हणाली, ‘मंग डोये काहून भरले तुमचे? येवढे मोठे दिसले पडद्यावर.’ बाबा म्हणाले, ‘गोवऱ्याचा धूर होता.’ आणि गोठ्यात निघून गेले.

परत आले ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘अकोटकडे काई काम असन तुह्यं, तं जाऊन येजो.’

मायनं लगेच आमंत्रणाच्या अक्षता बांधून दिल्या. तारीख नात्यातून कळलीच असेल तिला, पण फोनवर निरोप देऊन आत्या येणार नाही, घरच्या पोरानं दारात जायला पाहिजे. आचल म्हणाली, ‘दादा, हे येक काम कर माह्यं. आत्यानं ओटी नाई भरली तं साऱ्यायले दिसन ते.’

मी म्हटलं, उद्याच.

२१ जानेवारी, मंगळवार

काल गेलो नाही. काल कुलदीपचा मेसेज आला की आज अकोल्याला शो झाल्यावर कलाकारांची प्रेक्षकांशी भेट आहे. कलाकार म्हटल्यावर मला टाळता येत नाही. अकोटही त्याच बाजूला आहे, म्हणजे दोन्ही कामं होतील. बाबा म्हणाले, ‘दर्यापूरवरून सरळ बस जाते. अकोटले अकोल्यावरून कोन जाते बे? जेवाले बसला आन् हात डोक्यामागून तोंडात.’

अकोल्यात नागसेनकडे उतरलो. नागसेन शाळेत मास्तर आहे, सिनेमे फार पाहतो, तिथल्या एका पेपरात लिहितोही.

भेटीच्या कार्यक्रमात स्टेजवर खुर्च्या सात होत्या. गर्दी टाळण्यासाठी मी दाराजवळ उभा राहिलो. तिथून प्रतिक्रिया थेट मिळतात. तीन जणांनी माझ्या हातात पार्किंगच्या पावत्या दिल्या.

एक काका: ‘रोडगे कच्चे होते. कलरवरून समजते.’ त्यांच्या घरच्या: ‘भाजीले तर्री नाई, न् पाहुने जेवून राहिले म्हने.’ कॉलेजची पोट्टी: ‘काई होतच नाई ना बे याच्यात.’ तिच्याबरोबरचा पोट्टा: ‘अबे, माह्या घरी बी असंच काई होत नाई. दिवसभर चालू राह्यते.’ हे मला आवडलं. लेखात घेईन.

एक बाई रडत होती. विचारलं, कोणत्या सीनला रडलात. ती म्हणाली, ती म्हातारी वाढते आणि तो म्हातारा मान खाली घालून खातो, त्याले. मी विचारलं, त्याच्या मागे जो वरण घेऊन येतो? ती म्हणाली, ‘कोन वरन घेऊन येते?’

लोकांना पाहायची सवय राहिली नाही.

उद्या सकाळी अकोट. पहिली गाडी.

२३ जानेवारी, गुरुवार

काल सकाळी निघालोच होतो. अकोटच्या रस्त्यावर एका गावात शंकरपट होता. बैलजोड्यांची शर्यत, धुरळा, माइकवर आरडाओरडा. बस हळू झाली, मी उतरलो. म्हटलं पाच मिनिटं. इथे एवढी पब्लिक, यांना सिनेमाची माहिती द्यावी. माइकवाल्याला गाठलं. त्यानं सांगितलं खरं, की ‘आपल्या भागातल्या पिच्चरचे कलाकार इथं आले आहेत.’ पण तेव्हाच एक जोडी पट तोडून लोकांत घुसली. पळापळीत माझी एक चप्पल गेली. एका चपलेवर आत्याच्या दारात अक्षत घेऊन जाणं शोभत नाही. परत अकोला.

आज नागसेनचा रिव्ह्यू छापून आला. आतल्या पानावर, पण मोठा. त्यानं सगळा जोर त्या म्हातारा-म्हातारीवर दिला आहे. ‘या सिनेमातला सर्वांत मोठा अभिनय अशा दोघांनी केला आहे जे नट नाहीत. ते अभिनय करतच नव्हते, अशीही शक्यता आहे.’ मी म्हटलं, ते माझे बाबा आणि आत्या आहेत. नागसेननं हातातला पेपर खाली ठेवला. म्हणाला, ‘मग तू इथे काय करून राहिला? अकोटले जा ना लेका.’

मी विचारलं, माझ्याबद्दल काही नाही लिहिलं? तो म्हणाला, शेवटचा पॅरा होता तुझ्यावर, पेपरवाल्यांनी जागेअभावी कापला.

पॅरा होता हे कळलं, बस. छापलेलं तर सारेच वाचतात.

चप्पल घेतली. उद्या नक्की.

२५ जानेवारी, शनिवार

घरी आलो. अकोट राहिलं. काल पुण्याच्या एका समीक्षकाचा व्हिडिओ आला होता. दोन स्टार. ‘पसरट’, ‘पात्रांची नुसती गर्दी’, ‘दोन-तीन पात्रं काढली असती तर सिनेमा बांधीव झाला असता.’ खाली कॉमेंटमध्ये मी त्याला उत्तर दिलं. त्याच्या भक्तांनी मला उत्तर दिलं. मी त्यांना. असं करता करता बसस्टँडवरच दिवस गेला आणि मोबाइलचं चार्जिंग. एकानं विचारलं, ‘तू कोण?’ मी लिहिलं, आठवा. तो म्हणाला, आठवत नाही.

एक समाधान आहे. काढून टाकायची ती पात्रं मी असू शकत नाही. मला आधीच काढलेलं आहे.

माय विचारत होती, देल्ली का अक्षत? मी म्हटलं, रस्त्यात आहे. म्हणजे काम. ती म्हणाली, ‘काम रस्त्यात हाय का तू रस्त्यात हाय?’

बाबांनी समोरच्या खोलीला चुना मारला. साक्षगंध तर मंडपात आहे, खोलीचं काय काम? आचल म्हणते, बाबा दर्यापूरकडून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा विचारून आले. जेवताना मला म्हणाले, ‘अकोटकडे थंडी हाय का रे?’ मी म्हटलं, आहे. इकडे आहे म्हणजे तिकडे असेलच.

२८ जानेवारी, मंगळवार

आज अकोटला पोचलो. हे आधी लिहून ठेवतो.

दर्यापूरवरून सरळ गेलो, दुपारी स्टँडवर उतरलो. आत्याचं घर तिथून इतकं जवळ की चहा पार्सल घेतला असता तर गरम पोचला असता. पण चहा तिथेच घेतला. टपरीवर एक माणूस सांगून राहिला होता की ‘उठू नका’ बेकार पिच्चर आहे, हीरोच नाही. आता हे ऐकून पुढे जाणं मला शक्य नव्हतं. मी त्याला समजावलं की आजच्या काळात हीरो ही कल्पनाच जुनी झाली. तो म्हणाला, मग तिकीट जुन्या भावात द्या. मी म्हटलं, मी आहे त्या सिनेमात. तो म्हणाला, दाखव. ट्रेलर लावला. एका जागी थांबवून माझा कोपर दाखवला. टपरीवर चर्चा झाली. काही लोक कोपर माझाच आहे या मताचे होते, काहींनी शर्टाची बाही वर करायला लावली.

यातून एक फायदा झाला. टपरीवाल्यानं सांगितलं की इथलं भजनी मंडळ गुरुवारी गाडी करून अकोल्याला तोच पिच्चर पाहायला चाललं आहे. म्हणजे प्रचाराचा असर होऊन राहिला.

मग पाहतो तर दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर अक्षत देत नाहीत असं कुठेतरी ऐकलं आहे. दर्यापूरची शेवटची बस लागलेली होती. बसलो.

घरी तिघंही जागेवर थांबून माझ्याकडे पाहत होते. मायच्या हातात चिमटा, चुलीवर भाकर. कोणी काही विचारलं नाही, त्यामुळे मला काही तरी सांगावं लागलं. मी म्हटलं, आत्या येत नाही म्हणाली.

पार्वताआत्याचा स्वभाव पाहता ती हेच म्हणाली असती. म्हणजे मी खोटं बोललो असं नाही, फक्त तिच्या आधी बोललो.

भाकर जळाली. बाबा म्हणाले, ‘बरं.’ एवढंच. जेवताना वरण मागायचे ते मागितलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

अमरावतीचा शो उतरला. अकोल्याचाही आज शेवटचा. आता त्या जागी साउथचा डब केलेला पिच्चर लागणार आहे. कुलदीपला भेटायला अमरावतीला गेलो. तो तिथे एका लग्नाचं शूटिंग करायला आला होता. थकलेला दिसला. दाढी वाढलेली, गळ्यात कॅमेरा, हातात नवरदेवाचा फेटा. मी त्याला सांगितलं की मी सगळे रिव्ह्यू जमा करून राहिलो, मोठा लेख होईल. तो म्हणाला, ‘काय लिहिशीन? ज्यानं त्यानं आपापलं घर पाह्यलं, सिनेमा कोनीच नाई पाह्यला.’

मी विचारलं, हे चांगलं की वाईट? तो म्हणाला, मलाही कळलं नाही, आणि वरातीच्या पुढे पळत गेला.

घरी आलो तर माय चूल सारवत होती. तिनं सांगितलं की बाबा रात्री म्हणाले, ‘पोट्ट्याले कायले धाडलं? मीच जाले पाह्यजे होतो. मीच गेलो असतो तं ती नाई म्हनाली नसती.’ माय माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘येवढ्या वर्सात पयल्यांदा वाकला मानूस, न् तिनं नाई म्हनावं? असं काय बोलली ती, सांग तं खरं.’

मी सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. रिचार्जची जाहिरात होती, पण पूर्ण ऐकली. नंतर तो विषय राहून गेला.

ठरलं. उद्या पहाटे उठून अकोट. आत्याला घेऊनच यायचं. म्हणजे मी सांगितलेलं खोटंही ठरणार नाही, तिचा विचार बदलला असं होईल, आणि तो मी बदलला असं होईल.

१ फेब्रुवारी, शनिवार

काल पहाटे उठलो होतो. म्हणजे जाग आली होती. थंडी फार. मग उजाडल्यावर बाबांनी मोर्शीला संत्री आणायला पाठवलं, उद्याच्या पाहुण्यांसाठी. मोर्शीच्या बागवानानं सिनेमा पाहिलेला निघाला! त्याचं मत चांगलं आहे, फक्त बैल अजून पाहिजे होता म्हणतो. बोलता बोलता संध्याकाळ.

आज मंडप, खुर्च्या, माइक. वेळच नाही.

शांतपणे विचार केला. उद्या कार्यक्रम एकदा होऊ द्यावा. आत्या न येण्याची आता सगळ्यांना सवय झाली आहे. खरं काय ते मी सावकाश सांगेन. मार्चमध्ये. मार्चमध्ये लोकांची डोकी थंड असतात. उद्या माइक आहेच, तर नवरदेवाकडच्यांना सिनेमाबद्दल चार शब्द सांगावेत असं मनात आहे. भाषणाची सुरुवात जमली: ‘मित्रहो, फ्रेमच्या कडेलाही एक जग असतं.’

मेहंदीवाली विचारत होती, हातावर काय काढू. आचल म्हणाली, काहीही काढ.

बाबा चुना मारलेल्या खोलीत एकटे बसून होते. मी दारातून पाहिलं. गेलो नाही आत. त्यांना एकांत पाहिजे असेल.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी

गच्चीवर बसून लिहितो. खाली आचारी ओरडून राहिले, माइकवाला हॅलो हॅलो करून राहिला. भाषण दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमतं, फक्त मधे ‘नटाचं एकाकीपण’ येतं तिथे रुमाल काढावा लागतो. ते खरं वाटेल.

लेखाचंही ठरलं. उद्यापासून. रिव्ह्यू सगळे मोबाइलमध्ये आहेत. एकूण पाहता सिनेमाला प्रतिसाद संमिश्र आणि मला

थांबलो होतो. आचल आली होती पळत, अर्धी साडी नेसलेली. धड बोलताही येत नव्हतं तिला, हसत होती की रडत ते कळेना. पार्वताआत्या आली आहे. ऑटोतून उतरली, हातात ओटीचं सामान. फाटकातूनच म्हणाली, ‘वाढताना मले तोंड नवतं दिसलं याचं. गुरुवारी थेटरात दिसलं.’ बाबा तसेच अनवाणी धावत गेले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघंही मंडपाच्या मधोमध उभे आहेत म्हणे. माय म्हणाली, ‘बाई, तुमी तं येत नाई म्हनलं होतं ना.’

आत्या म्हणाली, ‘मी? कोनाले म्हनलं?’